थंडीत घोड्याचं पोट दुखतंय? आधी लीद पाण्यात टाकून बघा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडं आणलं, आठ-पंधरा दिवस झाले आणि आता ते चारा सोडून सारखं कुशीकडे बघतंय, पुढच्या पायाने जमीन उकरतंय, तर लगेच गॅस झाला म्हणून ओवा-हिंग पाजायला धावू नका. नदीकाठच्या मातीत बांधलेलं घोडं खाली टाकलेला चारा खातं, प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्यात तळाला बसते, त्यात थंडीत पाणी कमी पितं. हे कारण पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही नव्हतं आलं, घोडी दोन दिवस पातळ हागत होती आणि मी आपला हिरवा चारा बंद करून बसलो होतो.

बघायचं कसं, तर ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे वरचेवर उचला, जमिनीला टेकलेला भाग नको, बादलीत पाण्यात कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं शांत ठेवा, मग पाणी हळूच ओतून तळाला बोट फिरवा. कचकच लागली की समजायचं. पण वाळू नाही दिसली म्हणजे पोटात नाहीच असं धरू नका, कधीकधी ती आत अडकूनच राहते.

दुखणं ओसरल्यावर डॉक्टरला विचारून इसबगोल, किलोमागे साधारण 1 ग्रॅम, म्हणजे 350 किलोच्या घोड्याला रोज 350 ग्रॅम, आठवडाभर चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, कालवून लगेच खायला द्या, भिजून राहिलं की बुळबुळीत होतं आणि घोडं तोंड लावत नाही. चारा गव्हाणीत टाका, पाणी कोमट ठेवा.

नाळीने, म्हणजे बांबूच्या नळकांड्याने, तेल पाजायचा नाद सोडा, फुफ्फुसात गेलं तर घोडं हातचं जातं. जबड्याखालची नाडी मोजा, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली की डॉक्टरला फोन, आणि स्वतःच्या मनाने दुखण्याचं इंजेक्शन ठोकू नका, दुखणं दबतं आणि आतड्याला पीळ पडला असेल तर कळतच नाही.

अजून एक, वळू घोडा असेल तर अंडकोषाला हात लावून बघा. एक बाजू सुजलेली, गार लागली तर आतडं तिथे उतरलेलं असू शकतं, तिथे इसबगोल-बिसबगोल काही चालत नाही, तासाभराचासुद्धा उशीर नको.

पाच-सहा महिन्यांचं शिंगरू जंताचं औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी लोळायला लागलं, तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो. पोट सुटलेल्या, केस राठ झालेल्या शिंगराला पहिलं औषध डॉक्टरला दाखवूनच द्या.