लाइव्ह रॉक क्युअर करताना या चुका टाळा

लाइव्ह रॉक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ठेवायचा, जीवांनी भरलेला दगड. असे दगड टबात टाकायचे आणि महिनाभर विसरून जायचं, याला क्युअरिंग म्हणत नाहीत. लाइव्ह रॉकसाठी जास्तीचे पैसे मोजतो ते त्याच्या छिद्रांत राहणाऱ्या जिवाणूंसाठी, जांभळ्या कोरलाइन शेवाळासाठी, बारीक किड्यांसाठी आणि कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांसाठी. प्रवासात दगड तासन् तास पाण्याबाहेर राहतो. त्यावरचे स्पंज, शेवाळ आणि काही जीव मरतात, सडतात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. क्युअरिंगमध्ये हे सडकं बाहेर काढायचं असतं आणि जे जगलंय ते जगवायचंही असतं. बहुतेक नवे लोक दुसरं काम करतच नाहीत.

‘पाणी बदललं तर सायकल लांबते’

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत हीच. सायकल म्हणजे जिवाणू वाढून अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करू लागेपर्यंतचा काळ. अमोनिया जिवाणूंचं खाद्य आहे, म्हणून तो चढू द्यायचा आणि पाण्याला हात लावायचा नाही, असं सर्रास सांगितलं जातं. पण हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, दगडाला चिकटलेले असतात. अर्धं पाणी फेकलं तरी ते जवळपास सगळे टबातच राहतात. त्यांना अर्धा पीपीएम (पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग) अमोनियाही पुरतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी.

पाणी न बदलल्यावर काय होतं ते पाहा. १०० लिटरच्या टबात २० किलो दगड आहेत. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं. आठवडा भरायच्या आत टेस्ट किटचा रंग पट्टीच्या शेवटच्या खुणेला जाऊन भिडतो. एखादा दगड उलटा करून बघावा, तर खालच्या बाजूला स्पंजचा करडा, बुळबुळीत थर असतो. तो बोटाने सरकवला की खाली काळा डाग दिसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड. दगडातले ब्रिसल वर्म हे केसाळ किडे बाहेर येऊन तळाशी निपचित पडतात. ते मेले की अमोनिया आणखी वाढतो आणि त्याने आणखी जीव मरतात. कोरलाइन पांढरं पडत जातं. दीड महिन्याने अमोनिया शून्यावर येतो आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात सडायला काही उरलेलंच नसतं. एवढंच हवं होतं तर कोरडा दगड स्वस्तात मिळाला असता.

माझा नियम साधा आहे. दिवसाआड अमोनिया मोजायचा आणि १ पीपीएमला पोचला की त्याच दिवशी ५० टक्के पाणी बदलायचं, रविवारची वाट बघायची नाही. पहिल्या आठवड्यात हे दोन-तीनदा करावं लागलं तर नवल नाही. त्यासाठी खारं पाणी आदल्या दिवशीच तयार हवं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ५० लिटर आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात पावणेदोन किलो मीठ. पंप लावून रात्रभर फिरवायचं, तापमान २५-२६ अंश, घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५.

पाणी उपसण्याआधी हीटर बंद करा. त्याची तापलेली काच उघडी पडली की तडकते. काढलेल्या पाण्याची बादली बाजूला ठेवून एकेक दगड त्यात खळबळायचा. पांढरं, बुळबुळीत दिसेल तिथे जुना टूथब्रश फिरवायचा. मऊ पडलेला स्पंज सुरीच्या टोकाने मुळापासून खरवडायचा. कडक आणि जांभळ्या भागाला हात लावू नका. नळाखाली दगड धुणारेही भेटतात. गोड्या पाण्याने जगलेले जीवही मरतात, तेव्हा ते अजिबात नको. शेवटी तळाचा गाळ नळीने ओढून घ्या.

टबाच्या मांडणीतल्या चुका थोडक्यात. दगड तळावर ढीग करून ठेवू नका. पीव्हीसीच्या तुकड्यांवर उचलून ठेवा आणि १०० लिटरला तासाला दीड-दोन हजार लिटर फिरवणारा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) लावा. प्रवाह पोचत नाही तिथेच काळे डाग पडतात. दिवा लावू नका, सुटलेल्या फॉस्फेटवर नुसतं केसाळ शेवाळ वाढेल. काही आठवडे अंधारात कोरलाइनला विशेष त्रास होत नाही. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरून काढताना गोडं आरओ पाणीच घाला. मीठ उडत नाही, खारं पाणी घालत राहिलात तर घनता चढत जाते. आणि पूर्वी तांब्याचं औषध वापरलेला टब किंवा बादली इथे चालणार नाही. दगड तांबं शोषून ठेवतो आणि पुढे हळूहळू सोडतो, मग टँकमध्ये कोळंबी, गोगलगाय टिकत नाही.

दगड उकळणं

एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) किंवा खेकडा दिसला की घाबरून दगड उकळायला ठेवतात. हे कधीही करू नका. दगडावर झोअँथिड हे प्रवाळासारखे जीव असू शकतात. मिटलेले असले की ते तपकिरी, चामड्यासारख्या गाठींसारखे दिसतात, नवख्याला ओळखू येत नाहीत. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. उकळून ते नष्ट होईल असं धरून चालू नका, वाफेबरोबर ते श्वासात जाऊ शकतं. ताप, खोकला, छातीत घुसमट, तोंडाला धातूची चव, अंगदुखी ही लक्षणं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयांच्या दुकानांत अशा संशयित विषबाधांची नोंद झाली आहे. ओव्हन, मायक्रोवेव्ह, उकळतं पाणी ओतणं, सगळंच वर्ज्य. ब्रश करतानाही हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

खेकड्यांसाठी १.०३५ घनतेच्या खाऱ्या पाण्यात दगड मिनिटभर बुडवून हलवा. बरेचसे आपणहून बाहेर पडतात. एप्टेशिया खरवडू नका, उरलेल्या कणांतून नवे उगवतात. तो जिथे आहे तो दगडाचा टवकाच छिन्नीने काढून फेका.

पहिल्या शून्यावर विश्वास

पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य आला तर त्याला काही अर्थ नाही. किमान पाच-सहा दिवस पाणी न बदलता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य राहिले पाहिजेत. मग अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया १ पीपीएमवर न्या. २४ तासांनी दोन्ही पुन्हा शून्य असतील तर दगड तयार आहे. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचा आकडा खोटाच जास्त दिसतो, तोवर त्याकडे लक्ष देऊ नका. बाटलीतले जिवाणू ओतून हे सगळं आठवड्यात उरकेल अशी आशा धरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: सडका स्पंज बाटलीने निघत नाही, हातानेच काढावा लागतो. दोन ते सहा आठवडे धरा, दगड फार मार खाऊन आला असेल तर त्याहून जास्त.

टँकमध्ये हलवताना टबातलं पाणी सोबत ओतू नका, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठलेले असतात. दगड ताज्या खाऱ्या पाण्यात एकदा खळबळून मगच ठेवा. मासे सोडण्याआधी आणखी आठवडाभर टँकमधला अमोनिया रोज मोजा. हलवण्यात काही दुखावलं असेल तर ते याच दिवसांत दिसतं.