इंदूरहून परदेशी बिझनेस क्लासचं एकच तिकीट कसं काढायचं

आईचे गुडघे फार दुखतात म्हणून ह्यावेळी तिला दादाकडे लंडनला बिझनेसनेच पाठवायचं ठरवलं, पण साईटवर इंदूर ते लंडन बिझनेस टाकलं की काहीच येईना. कारण असं की इंदूर-दिल्लीच्या बऱ्याच विमानांत फक्त इकॉनॉमीच असते, आणि मग सर्च अख्खा रूटच गाळून टाकतो.

तर आधी नुसतं दिल्ली-लंडन बिझनेस बघा, फ्लाईट नंबर लिहून घ्या. मग साईटवरच्या मल्टी-सिटी, म्हणजे प्रत्येक टप्पा वेगळा टाकायच्या पर्यायात जाऊन इंदूर-दिल्ली इकॉनॉमी आणि पुढचं बिझनेस असं एकत्र टाका. कधीकधी दिल्लीहून सीट दिसते पण इंदूरपासून जोडली की गायब होते, कारण एअरलाईन जोडफ्लाईटच्या सीट्स वेगळ्या हिशोबाने सोडते, तेव्हा आधीची किंवा नंतरची इंदूर फ्लाईट लावून बघा. दिल्लीतला थांबा २४ तासांच्या आत ठेवा, त्यावर गेला की तो स्टॉपओव्हर, म्हणजे वाटेतला वेगळा मुक्काम धरतात आणि भाडं बदलू शकतं.

तरी नाही जमलं तर सरळ एअरलाईनला फोन करा, लिहून घेतलेले फ्लाईट नंबर वाचून दाखवा आणि सांगा की सगळं एकाच तिकिटावर हवंय. पीएनआर एक असला तरी तिकिटं दोन असू शकतात हो! १३ आकडी तिकीट नंबर दोन्ही फ्लाईटला तोच आहे का ते नक्की बघा. वेगळी तिकिटं असली आणि इंदूरची फ्लाईट लेट झाली तर पुढच्या महागड्या सीटवर तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी धरले जाता, आणि वयस्कर माणूस एकटं असताना ही रिस्क अजिबात घेऊ नका.