दिवाणी दाव्याचे वादपत्र लिहायला कसे शिकावे

पक्षकार सांगत असताना वादपत्राचा, म्हणजे दावा दाखल करताना वादीने कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनाचा, मसुदा लगेच लिहायला घेऊ नका. आधी त्याचे सगळे ऐका, मग कागद मागवून तारखांचा तक्ता करा: केव्हा काय घडले आणि ते कोणत्या कागदावरून दिसते. पैशांच्या वसुलीच्या दाव्याला बहुधा 3 वर्षांची मुदत असते. ती टळली असेल तर उत्तम मसुद्याचाही उपयोग नाही, म्हणून हा हिशेब पहिला.

मग दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधले आदेश 6 आणि 7 (दोन्ही बाजूंच्या लेखी निवेदनांचे आणि वादपत्राचे नियम) शेजारी उघडे ठेवा. जुन्या फायलींतले नमुने उतरवून हात बसतो, पण कुठले वाक्य का आहे ते या आदेशांतूनच कळते. वादपत्रात महत्त्वाच्या घटना सांगायच्या, पुरावा नाही. "प्रतिवादी लबाड असून त्याने वादीस फसविले" या वाक्यातून कोर्टाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी लिहा: "प्रतिवादीने दि. 5 मार्च 2024 रोजी वादीकडून रु. 2,00,000/- (अक्षरी रुपये दोन लाख) उसनवार घेतले व ते दि. 5 सप्टेंबर 2024 पर्यंत परत करण्याचे कबूल केले." फसवणुकीचाच आरोप असेल, तर ती कधी आणि कशी केली याचा तपशील द्यावाच लागतो. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि शक्यतो एका परिच्छेदात एकच घटना ठेवा.

कोर्टाचे नाव, पक्षकारांचे पत्ते, अधिकारक्षेत्र, मूल्यांकन हे ठरलेले भाग आहेत. जमिनीचा दावा असेल तर गट नंबर आणि चतुःसीमा नीट लिहा. खरी कसोटी "दाव्यास कारण", म्हणजे ज्या घटनांमुळे दावा करण्याचा हक्क मिळाला त्या सांगणाऱ्या परिच्छेदाची. वादपत्रातून दाव्याचे कारणच दिसत नसेल, तर आदेश 7 नियम 11 खाली ते नामंजूर होते.

विनंतीत, म्हणजे कोर्टाकडे काय मागायचे त्या भागात, मूळ रक्कम, व्याज, खर्च वेगवेगळे मागा. त्याच कारणातून मागता येण्याजोगा भाग सोडून दिला, तर पुढे त्यासाठी वेगळा दावा सहसा चालत नाही.

सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या निवेदनात, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते ऐकीव माहितीवरून खरे मानलेले, ते नमूद करा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदयादी जोडा. सहीआधी संपूर्ण मजकूर पक्षकाराला समजेल अशा बोलीत वाचून दाखवा. सही त्याची आहे, जबाबदारीही त्याचीच.

सरावासाठी आपल्याच वादपत्राला प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, लिहून पाहा. जे विधान स्पष्टपणे नाकारले जात नाही ते कबूल धरले जाऊ शकते, त्यामुळे प्रत्येक परिच्छेदाला उत्तर शोधावे लागते. जो परिच्छेद सहज नाकारता येतो, तो परत लिहायला घ्या.