माळ्यावरची जुनी फिल्म रिळं घरच्या घरी कशी वाचवायची आणि स्कॅन कशी करायची

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात काकांची सुपर ८ ची (घरगुती कॅमेऱ्याची ८ मिमी फिल्म) अकरा रिळं. काका तेव्हा कुवेतला नोकरीला, तिथून कॅमेरा घेऊन आले आणि सुट्टीत चवथ, जत्रा, आत्याचं लग्न, मांडवीवरचा जुना पूल, जे दिसेल ते काढत सुटले. तो पूल १९८६ च्या जुलैत पडला, आणि आपल्या माळ्यावर तो उभा असलेला आहे हे कळल्यावर मला धीर निघेना, एकाकडून प्रोजेक्टर उसना आणला आणि आत्याच्या लग्नाचं रीळ थेट चढवलं. अर्ध्या मिनिटात पट्टी अडकली, आणि भिंतीवर मांडव मधोमध तपकिरी होऊन फुगत गेला. तीन-चार फ्रेम गेल्या. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, जुनं रीळ प्रोजेक्टरवर लावून बघायचं नाही, कितीही हौस असली तरी.

आधी वास घ्या

डबा उघडा आणि नाक जवळ न्या. माडाच्या विनागरासारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागलीय. घरगुती फिल्म बहुतेक ॲसिटेटची असते, दमट आणि गरम हवेत तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड पुढची कूज आणखी वाढवतं, म्हणजे एकदा सुरू झालं की थांबत नाही, फक्त हळू करता येतं. फिल्मला ३० ते ५० टक्के आर्द्रता हवी आणि आपल्याकडे पावसात ८०-९० असते, त्यात लोखंडी डब्याचं झाकण घट्ट. वासाची रिळं लगेच चांगल्या रिळांपासून वेगळी करा आणि स्कॅनिंगच्या रांगेत पुढे घ्या.

पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर मास्क लावा, घराबाहेर जाऊन रीळ उघडा, आणि ती ओली असताना पुसू नका, पसरते. आपल्याला पापडापासून गाद्यांपर्यंत सगळ्याला ऊन दाखवायची सवय आहे, पण फिल्मला ऊन दाखवायचं नाही! सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात दोन-चार दिवस ठेवली की बुरशी सुकते, मग मऊ ब्रशने झटकता येते. हे सगळं काम दिवाळीनंतर शिगम्याच्या (होळीच्या) आत उरका, त्यातल्या त्यात तीच कोरडी हवा.

कुठली फिल्म आहे ते ओळखा

रुंदी मोजा. ८ मिमी असेल तर दोन प्रकार. सुपर ८ (१९६५ पासून) ची भोकं बारीक आणि प्रत्येक फ्रेमच्या मधोमध बाजूला असतात, जुन्या रेग्युलर ८ (१९३२ पासून) ची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या सांध्यावर. चकतीवरून ओळखू नका, लोकांनी कुठल्याही चकतीवर कुठलीही फिल्म गुंडाळलेली असते. १६ मिमी डोळ्यांनीच कळते.

३५ मिमी सापडली, म्हणजे जुन्या थिएटरच्या कोणाच्या घरात वगैरे, तर थांबा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते, ती भयंकर पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा गेला. काठावर सेफ्टी (म्हणजे सहज न पेटणारी) असं छापलेलं नसेल तर हात न लावता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा, १९६४ पासून त्यांचं कामच हे. आपल्या ८ मिमीला ही भीती नाही, ती पहिल्यापासून सेफ्टीच.

आकसलीय का ते मोजा

हे कोणी करत नाही आणि मग मशीनमध्ये भोकं फाटतात. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद, हातात नायट्राइलचे ग्लव्ह्ज, आणि सरळ १०० फ्रेमची लांबी पट्टीने मोजा (फिल्म कापायची नाही हो, नुसती उलगडायची). सुपर ८ असेल तर ४२३ मिमी यायला हवी, रेग्युलर ८ ला ३८१, १६ मिमीला ७६२. एक टक्का कमी म्हणजे सुपर ८ ला चारेक मिमी, तिथपर्यंत स्वस्त स्कॅनर चालतो. दोन टक्क्यांच्या पुढे गेली किंवा पट्टी वाकडी होऊन लाटेसारखी झाली तर घरी प्रयत्न नको, दात्यांशिवाय रोलरवर चालणारा स्कॅनर ज्यांच्याकडे आहे त्यांना द्या.

साफसफाई आणि जोड

पाणी लावायचं नाही, ॲसिटोन तर बिलकुल नाही, ते फिल्मच विरघळवतं. ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मायक्रोफायबरचं कापड थोडं ओलं करून घडी घाला आणि त्या घडीतून फिल्म हळूहळू ओढत न्या, दोन-तीन फुटांनी कापडाची जागा बदला, आणि पुन्हा गुंडाळण्याआधी ती सुकली पाहिजे. आधी सुरुवातीच्या कोऱ्या तुकड्यावर करून बघा. कडेला तपकिरी पट्टा असेल तर तो आवाजाचा चुंबकीय ट्रॅक, त्यावर अल्कोहोल नको, सुक्या कापडानेच भागवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातली समई लांब असू दे.

जुने जोड सुटतातच, आमच्या एका रिळात सात सुटले. सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पाझरून पुढचे थरही चिकटतात. फिल्म जोडायची खास स्प्लाइसिंग टेप आणि जोड नीट बसवायचा छोटा स्प्लाइसर ऑनलाइन मिळतो. आणि पुढे-मागे दोन-तीन फुटांचा लीडर (कोरी पट्टी) जोडा, मशीनने काही चावलं तर लीडर चावेल.

आता स्कॅन

मी आधी एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याला दोन रिळं दिली होती. त्याने भिंतीवर पाडून मोबाइलने शूट केलं, चित्र लुकलुकतंय, चवथीच्या माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट) वरचा भाग कापलेला, आणि त्याचे पैसेही घेतले. त्यामुळे कोणाला देणार असाल तर एकच प्रश्न विचारा, एकेक फ्रेम वेगळी स्कॅन करता का? उत्तर गोलमाल आलं तर रिळं घेऊन घरी या.

घरी करायचं तर सोपा मार्ग म्हणजे छोटा फिल्म स्कॅनर, जो रीळ लावून एकेक फ्रेमचा फोटो काढत जातो. सेकंदाला साधारण दोन फ्रेम. तीन इंची चकतीवर ५० फूट, म्हणजे सुपर ८ च्या ३६०० फ्रेम, त्यामुळे ३ मिनिटं २० सेकंदांच्या फिल्मला अर्धा तास लागतो. मशीन लावून जेवायला जाऊ नका, शेजारी बसा, फिल्म कधी अडकेल सांगता येत नाही. प्रत्येक रिळानंतर गेट (फिल्म जिथून सरकते ती खिडकी) ब्रशने साफ करा, एक केस अडकला तर तो पूर्ण रिळभर नाचतो. शार्पनेस कमीत कमी ठेवा आणि एक्स्पोजर थोडं खाली, कारण पांढरी साडी स्कॅनमध्ये एकदा जळाली, म्हणजे नुसती पांढरी पडली, की नंतर काही परत येत नाही. या मशीनची फाइल बरीच दाबलेली असते आणि आवाज तर रेकॉर्ड होतच नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

हात चालत असतील तर जुना प्रोजेक्टर बदलून घ्यायचा: बल्ब आणि शटरची पाती काढा, मागे चांगल्या रंगाचा एलईडी आणि दुधी ॲक्रिलिक, मोटर मंद करा, समोर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा किंवा मॅक्रो लेन्सवाला डीएसएलआर, आणि प्रत्येक फ्रेमला एक मायक्रोस्विच क्लिक देईल असं बसवा. माझ्या भाच्याने दोन महिने लावून बनवला. रिझल्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पण २०२८ बाय १५२० च्या १६ बिट टिफ फाइली ठेवल्या तर एका छोट्या रिळाला ६६ जीबी लागतात, हे आधी माहीत असू दे.

स्पीड नीट करायला विसरू नका. स्कॅनरची फाइल बहुतेक सेकंदाला २० फ्रेमची असते, सुपर ८ साधारण १८ ने आणि रेग्युलर ८ १६ ने शूट झालेली, म्हणून दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये स्पीड ९० किंवा ८० टक्के करा, नाहीतर लग्नातली सगळी माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात. कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मचे रंग आपले टिकून असतात, दुसऱ्या काही फिल्म गुलाबी झालेल्या असतात, तो गुलाबी काढताना हात आवरा. आणि रंग सुधारलेली कॉपी वेगळी, मूळ स्कॅन जसंच्या तसं वेगळं, दोन हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी. व्हॉट्सॲपवर गेलेली एमपी४ म्हणजे बॅकअप नव्हे.

मूळ रीळ टाकायचं नाही

गंजलेला डबा फेकून प्लास्टिकचा पॉलिप्रोपिलिनचा घ्या. वास नसलेली रिळं आधी कोरडी करून डबल झिप पिशवीत फ्रिजमध्ये चालतात, बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत घाम येतो. आंबट वासाची मात्र हवाबंद करू नका, ॲसिड आतच कोंडतं.

माणसं ओळखून घ्या

स्कॅन झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला टीव्हीसमोर बसवा, शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि गप्प बसा. मी आत्याला बसवलं, अकरा रिळं मिळून चाळीसेक मिनिटं, ती तीन तास बोलली. कोण कोणाची सून, कुठली गाय, माटोळीला कुठल्या कुळागरातली (बागेतली) सुपारी. फिल्मच्या काठावर कोडॅकची गोल, चौकोन, त्रिकोण अशी खूण असते त्यावरून फिल्म कारखान्यात कधी बनली ते निघतं, पण तीच खूण वीस वर्षांनी पुन्हा येते आणि शूटिंग कधी झालं ते तिच्यावरून कळतच नाही, ते आत्याच सांगू शकते.

चवथीच्या डब्यावर काकांच्या अक्षरात १९७४ लिहिलंय. आत्या म्हणते, शक्य नाही, वहिनीच्या कडेवर धाकटा आहे आणि तो ७६ चा. मी फाइलच्या नावात दोन्ही सालं घातलीत.