सैल की ढगळ? पहिला बुशशर्ट शिवताना

कुडाळला मास्तरांच्या दुकानात शिकायला लागले तेव्हा पहिले चार महिने माझ्या वाट्याला काजं, बटणं आणि तुरपाई एवढंच होतं. बेतायचं मास्तरांनी, मशीन मारायचं कारागिरांनी. मग एका मे महिन्यात आंब्याची बाग असलेल्या एका काकांचा बुशशर्ट पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे आला. कापड पातळ केंब्रिक, छाती 40, आणि सांगणं एवढंच : "उन्हाळ्यात घालूक होयो, सैल ठेव."

मी गळा, खांदा, छाती, मुंढा (बाही जोडायची गोलाई), सगळीकडे माप वाढवलं. काकांनी शर्ट घातला, झेल्याची (आंबे उतरवायच्या जाळीची) काठी धरल्यासारखा हात वर केला आणि अख्खा शर्ट पोटावरून वर चढला. कॉलर मानेपासून सुटून मागे पडली. काका रागावले नाहीत. म्हणाले, "गो बाय, ह्यो सैल नाय, ढगळो आसा."

शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हा फरक दाखवते. सैलपणा छातीत आणि घेरात द्यायचा. 40 छातीला तयार शर्ट 47-48 इंच भरला तरी चालतो, हवा खेळायला तेवढी जागा लागतेच. पण गळा मापाचाच. खांदा फार तर अर्धा इंच उतरता. आणि मुंढा 1 इंच खाली नेला तर बाहीचा वरचा गोलवा कमी करायचा. माझी चूक इथेच होती. मुंढा खोल केला, पण गोलवा साडेचार इंच उंचच ठेवला, त्यामुळे हात उचलला की बाही सगळा शर्ट ओढायची. मास्तरांनी तो 3 इंचांवर आणला, बाही रुंद केली आणि तिची गोलाई मुंढ्याच्या गोलाईशी टेप उभा धरून जुळवून दाखवली. टेप आडवा ठेवून वळण मोजलं की हमखास चुकतं.

कापडाचं सांगते. अर्ध्या बाहीच्या शर्टाला 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन मीटर पुरतं, 36 पन्हा असेल तर अडीच घ्या. बेतण्याआधी धुवाच. सुती कापड 3 ते 5 टक्के आटतं, म्हणजे 30 इंच उंचीत एखाद-दीड इंच गेलाच. मलमल किंवा व्हॉइल असेल तर कात्रीखाली ते पाण्यासारखं सरकतं. त्यावर आमच्याकडे घरचाच उपाय आहे : पेजेची निवळ. फडक्यातून गाळून पाण्यात पातळ करायची, कापड बुडवून सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री फिरवायची. कापड कागदासारखं वागतं. मात्र शर्ट झाल्यावर ही खळ धुऊन टाका. आमच्या पावसाळ्यात खळीच्या कपड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मशीनला सुई 11 नंबरची, टाके इंचाला 10 ते 12. जाड सुई पातळ कापडाला भोकं पाडते आणि शिवण सुरू करतानाच कापड खाली ओढून घेते. म्हणून आधी चिंधीवर चार टाके घ्या आणि तिथून न थांबता कापडावर या. खाऱ्या हवेत सुया-टाचण्या गंजतात, पांढऱ्या कापडावरचा गंजाचा डाग सहज जात नाही. रात्री सुई काढून तेलाच्या फडक्यात ठेवायची सवय लावून घ्या.

बाजूच्या शिवणी ओव्हरलॉक न करता आतल्या आत बंद करा. घामेजलेल्या अंगाला ते सुखाचं होतं. शिवणीसाठी 5 सूत ठेवायचे (1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आधी सुलट बाजू बाहेर ठेवून 2 सुतांवर शिवण, कडा 1 सुतापर्यंत कातरायची, उलटवून 3 सुतांवर दुसरी शिवण.

कॉलरीत जाड बकरम (ताठपणासाठी आत घालायचं कडक कापड) घालू नका. ओपन कॉलरला त्याच कापडाचा एक थर आत पुरतो, आणि पातळ कापडावर चिकटवायच्या बकरमचे फुगे दिसतात. खालची कॉलर वरचीपेक्षा 1 सूत लहान बेता, म्हणजे शिवण आपोआप खाली वळते. टोकाशी काटकोनात न वळता एक टाका तिरका घ्या. टोक बाहेर काढायला कात्री कधीच नाही, घासून बोथट केलेली बांबूची कामटी घ्या.

हे पोटापाण्यासाठी शिकायचं असेल तर आयटीआयचा शिवणकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तो कराच, पण जोडीने एखाद्या मास्तरांच्या दुकानात बसा. गिऱ्हाइकाच्या अंगावर शर्ट कसा पडतो ते तिथेच दिसतं.

आणि खालची दुमड मारण्याआधी शर्ट अंगावर चढवून गिऱ्हाइकाला दोन्ही हात वर करायला सांगा. काकांचा दुसरा शर्ट मी तसाच तपासला. हात वर गेले, शर्ट जागच्या जागी राहिला.