शाळा संपली, कॉलेज सुरू होतंय: पहिल्या सेमिस्टरला काय करायचं ते सांगते

कॉलेजात गेल्यावर पहिला फरक जाणवतो तो हा की आता आपल्याला कोणी विचारत नाही. शाळेत गृहपाठ राहिला तर दुसऱ्याच दिवशी विचारणा व्हायची, दोन दिवस दांडी मारली की घरी फोन जायचा, चाचणीत मार्क घसरले की बाई बाजूला घेऊन बोलायच्या. कॉलेजात एखाद्या विषयाच्या लेक्चरला तीन आठवडे गेला नाहीत तरी बऱ्याचदा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येतं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. शाळेत पहिल्या पाचात असलेली मुलंसुद्धा पहिल्या सेमला गडबडतात ना, ती मला वाटतं विषय अवघड असतात म्हणून कमी आणि अडल्यावर गप्प बसतात म्हणून जास्त. तेव्हा हे सगळं वाचून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला, आपल्याला कोणी विचारणार नाहीये म्हणून आपण विचारायला लागायचं, आणि लवकर लागायचं.

आधी वेळेचं बघू. आठवड्याचे तास १६८. त्यातले झोपेचे ५६ काढा, लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून समजा २० तास काढा, तरी ९२ उरतात. टाइमटेबलमधली मोकळी जागा बघून पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटतं की अरे वा, शाळेपेक्षा सोपं आहे हे. तसं नसतं, ती मोकळी जागा अभ्यासाचीच असते, फक्त तिच्यावर कोणी विषयाचं नाव लिहिलेलं नसतं. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत (क्रेडिट म्हणजे विषयाचं काम मोजायचं माप) १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि त्यात वर्गातले तास थोडे आणि स्वतः करायचं वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी असं सगळं मोजलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी एका लेक्चरमागे दोन तास स्वतःचा अभ्यास असाही हिशेब सांगतात. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल, पण वर्गात बसलो म्हणजे काम झालं असं कुठेच नसतं. दोन लेक्चरमधला दीड तास मोकळा मिळाला की सरळ लायब्ररीत जाऊन बसा, घरी जाऊन करू म्हटलं की ते राहतंच.

पहिल्या आठवड्यात एक काम मात्र नक्की करा, त्याला फार तर एक तास लागतो. प्रत्येक विषयाचा सिलॅबस आणि असाइनमेंटच्या तारखा मिळतात त्या सगळ्या एकाच कॅलेंडरवर उतरवा, कागदावर किंवा फोनमध्ये, पण एकाच ठिकाणी, आणि प्रत्येकीपुढे ती किती मार्कांची आहे ते लिहा. मग लांबून बघा. बहुतेक वेळा असं दिसतं की सुरुवातीचे पाच-सहा आठवडे कोरे आणि मग एकाच आठवड्यात दोन सबमिशन, एक टेस्ट आणि एक प्रेझेंटेशन असं सगळं एकावर एक आलेलं. प्रत्येक विषयाच्या सरांनी आपापली तारीख दिलेली असते, दुसऱ्या विषयाचं काय चाललंय हे ते बघत नाहीत, ते बघणारे फक्त तुम्ही. असा आठवडा सापडला की त्यातल्या एका सबमिशनची स्वतःपुरती तारीख दहा दिवस अलीकडे ओढा आणि तीच खरी धरा. विषय बदलायचा असेल किंवा सोडायचा असेल तर त्याचीही मुदत असते, तीही त्याच कॅलेंडरवर टाका, कारण ती फार लवकर संपते.

आता नोट्स. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतलं की पुरत होतं, इथे बोलण्याचा वेग जास्त असतो आणि अर्धं फळ्यावर येतच नाही. शब्दन् शब्द लिहायच्या मागे लागू नका, नाहीतर हात चालू राहतो आणि डोकं थांबतं. मला कॉर्नेल पद्धत आवडते, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती रूढ केली. पानाच्या डाव्या बाजूला अरुंद रकाना सोडायचा, उजवीकडे लेक्चरमध्ये लिहायचं, आणि त्याच संध्याकाळी उजवीकडचं वाचून डावीकडे त्यावरचे प्रश्न काढायचे. खाली दोन-तीन ओळींत सारांश. संध्याकाळची ही पंधरा मिनिटं महत्त्वाची आहेत बरं का, कारण विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात वेगाने होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली हे मांडलं होतं.

ते डावीकडचे प्रश्न पुढे फार कामाला येतात. परीक्षेआधी मुलं काय करतात तर तोच धडा चार वेळा वाचतात, हायलायटरने अख्खं पान पिवळं करतात आणि वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं समजतात. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, पण एका आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे पान झाकायचं, डावीकडचा प्रश्न वाचायचा, उत्तर बोलायचं किंवा लिहायचं, अडलं की मगच उघडून बघायचं. याचा त्रास होतो, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, पण ते आजच कळलेलं बरं ना, परीक्षा हॉलमध्ये कळण्यापेक्षा.

आता विचारण्याबद्दल, कारण माझं स्वतःचं गाडं इथेच अडलं होतं. पहिल्या सेमला गणितात लिमिटची, म्हणजे एक्स एखाद्या संख्येच्या जवळ जाताना उत्तर कशाच्या जवळ जातं त्याची, एप्सिलॉन आणि डेल्टा या दोन ग्रीक अक्षरांतली व्याख्या आली आणि ती माझ्या पूर्ण डोक्यावरून गेली. वर्गात सगळे माना डोलवत होते म्हणून मीही डोलवली. सरांच्या केबिनबाहेर वही घेऊन दोनदा गेले, दार उघडं होतं, सर आत काहीतरी तपासत होते, आणि दोन्ही वेळा मी तशीच परत फिरले, कारण विचारू काय हेच कळत नव्हतं, सगळंच कळत नाहीये हे कसं सांगायचं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सरांनीच मान वर करून विचारलं, "कुठपर्यंत समजलंय?" मी व्याख्येतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "सर, ही दोन अक्षरं येतात कुठून? आधी कुठलं घ्यायचं?" सर म्हणाले, "एप्सिलॉन समोरचा देणार, उत्तर किती जवळ यायला पाहिजे ते तो ठरवणार, आणि मग एक्स किती जवळ ठेवला की ते जमेल तो डेल्टा तू शोधायचा." मग एक्स दोनच्या जवळ जाताना तीन एक्स सहाच्या जवळ जातं हे घेऊन करून दाखवलं, एप्सिलॉनला तीनने भागलं की डेल्टा मिळतो. दहा मिनिटं लागली असतील. आणि मी तीन आठवडे ते ओझं घेऊन फिरत होते.

म्हणून "सर, काहीच कळत नाही" असं म्हणून जाऊ नका, आणि काहीच कळत नाही म्हणून घरीही बसू नका. वही उघडा, जिथपर्यंत कळलंय तिथे रेघ मारा, आणि रेघेखालची पहिली ओळ हाच तुमचा प्रश्न. बहुतेक शिक्षकांची भेटायची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळात बऱ्याचदा कोणीच आलेलं नसतं. समोर जाऊन बोलायचं दडपण येत असेल तर आधी ईमेल करा, पण तो नीट करा. विषयाच्या जागी "शंका" एवढंच लिहिलं तर त्यावरून काहीच कळत नाही. साधारण असं लिहा:

"विषय: लिनिअर अल्जिब्रा, असाइनमेंट २, प्रश्न ४
नमस्कार मॅडम, मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, (नाव, रोल नंबर). प्रश्न ४ मध्ये डिटरमिनंट शून्य आला म्हणून इन्व्हर्स निघत नाही इथपर्यंत पोचले, पण आता उत्तरं अनंत आहेत की एकही नाही हे कसं ठरवायचं ते कळत नाहीये. केलेलं काम सोबत जोडलंय. तुमच्या भेटीच्या वेळेत आले तर चालेल का?"

कोण, कुठला विषय, कुठे अडलंय, काय करून बघितलंय, एवढं त्यात आलं की उत्तर देणाऱ्याचं काम सोपं होतं. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा परत आठवण करा, त्यात उद्धटपणा काही नाही.

वर्गातल्या मुलांनाही विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत सगळेच एकटे असतात, नंतर ग्रुप ठरून जातात, म्हणून शेजारी बसलेल्याचं नाव तेव्हाच विचारून घ्या. असाइनमेंटवर चर्चा जरूर करा पण लिहायला आपापले बसा, दुसऱ्याचं उतरवलेलं किंवा एआयकडून लिहून घेतलेलं आपलं म्हणून दिलं तर ते मोठं अंगाशी येतं. नेटवरून काही घेतलंत तर कुठून घेतलं ते त्याच क्षणी लिहून ठेवा.

झोपेबद्दल थोडक्यात. १८ च्या पुढच्यांना रोज किमान ७ तास लागतात, १३ ते १८ वयात ८ ते १०. कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास जातात, त्यामुळे संध्याकाळी सातला घेतलेली कॉफी रात्री बारालाही निम्मी अंगात असते. पैशांचं म्हणाल तर महिन्याची रक्कम आली की भाडं, फी वगैरे बाजूला काढून उरलेल्याचे चार भाग करा आणि आठवड्याला एकच भाग वापरा.

घरापासून लांब असाल तर सुरुवातीला घरची आठवण येणारच, ती हळूहळू कमी होते. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा, घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे काय दोन तास पण थांबू नका, लगेच जवळच्या कोणालातरी सांगा.

आणि पहिल्या टेस्टला मार्क कमी पडले तर, पडतात बऱ्याच जणांना, पेपर बॅगेत तळाशी कोंबून ठेवू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा: येतच नव्हतं तर "न", येत होतं पण आठवलं नाही तर "आ", प्रश्न चुकीचा वाचला किंवा वेळ पुरला नाही तर "घ". "न" जास्त असतील तर तो धडा परत करायचाय, "आ" जास्त असतील तर वाचणं कमी करून पान झाकून बसायचंय, "घ" जास्त असतील तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचेत. आणि मग तोच पेपर घेऊन सरांच्या केबिनमध्ये जा, पहिल्या "न" वर बोट ठेवा आणि विचारा.