तंत्रज्ञान आणि वंचित समाज: संशोधन लॅबमध्ये विद्यार्थी म्हणून काम मिळवताना आणि करताना

वंचित समाज तंत्रज्ञान कसं वापरतो याचा अभ्यास करणाऱ्या लॅबमध्ये आल्या आल्या ॲप बनवायला मिळेल, या अपेक्षेने येणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्यात बहुधा हेडफोन आणि पन्नास मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पडतं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारी कामं साधारण ठरलेली असतात: आधीचे पेपर वाचून त्यांचा तक्ता करणं, मुलाखती उतरवून काढणं, त्यांचं कोडिंग करणं (प्रोग्रॅमिंग नव्हे, उताऱ्यांना अर्थाची लेबलं लावणं), सर्वेक्षणाचा डेटा साफ करणं, एखादं ॲप स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून पाहणं आणि पुढे मुलाखतींना सोबत जाणं. प्रोटोटाइपचं, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना बनवण्याचं काम मिळतं, पण उशिरा. समाजशास्त्र, भाषा किंवा कायदा शिकणाऱ्यांनी प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून मागे राहू नये. ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांची बोली जाणणारा विद्यार्थी लॅबला प्रोग्रॅमरपेक्षा जास्त मुश्किलीने मिळतो.

लॅब निवडताना तिच्या संकेतस्थळावरचे हसरे फोटो बाजूला ठेवा आणि गेल्या तीन वर्षांतले दोन-तीन पेपर काढा. या विषयाचे पेपर बहुधा एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सीएचआय, सीएससीडब्ल्यू, असेट्स, फॅक्ट अशा परिषदांमध्ये सापडतात. सगळा पेपर समजला नाही तरी तीन जागा नीट वाचा. पद्धतीच्या भागात किती लोकांशी, कोणत्या भाषेत, कुणाच्या ओळखीने बोलले आणि त्यांना मानधन दिलं का, हे कळतं. मर्यादांच्या भागात लॅब स्वतःशी किती प्रामाणिक आहे ते दिसतं. आणि लेखकांच्या यादीत विद्यार्थी आहेत की ते फक्त आभारात उरलेत, ते बघा. दर पेपरात नवा समाज, नवी जागा आणि परत गेल्याची खूण कुठेच नाही, अशी लॅब आम्ही तरी सुचवणार नाही.

अर्ज सत्र सुरू होण्याआधी चार ते सहा आठवडे पाठवा. प्राध्यापकांइतकंच त्यांच्या पीएचडी विद्यार्थ्यांना लिहिणं उपयोगी ठरतं, कारण रोजचं काम तेच वाटून देतात. ईमेल दीडशे-दोनशे शब्दांत बसवा: कोणता पेपर वाचला आणि त्यातला कोणता मुद्दा अडला, तुम्हाला काय येतं (भाषा, आकडेवारी, प्रोग्रॅमिंग, लेखन), आठवड्याला किती तास देऊ शकता, किती सत्रं थांबाल. सोबत एक पानाचा बायोडेटा आणि दोन-तीन पानांचं स्वतःचं लेखन. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. ‘समाजासाठी काहीतरी करायची तळमळ आहे’ एवढंच सांगणारी पत्रं मागे पडतात. तळमळ खोटी असते म्हणून नव्हे, तर तिच्यावरून सोमवारी कोणतं काम द्यायचं ते कळत नाही म्हणून.

आठवड्याला पाच तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर पुढच्या सत्रापर्यंत थांबलेलं बरं. मागच्या वेळी काय केलं होतं ते आठवण्यातच तो वेळ जातो. आठ ते दहा तास आणि किमान दोन सत्रं हे व्यवहार्य गणित आहे. भेटीत तुम्हीही विचारा: काम पगारी आहे, श्रेयांकासाठी आहे की विनामोबदला? दर आठवड्याला कोण भेटणार? पेपरात नाव येण्यासाठी नेमकं काय करावं लागतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. पेपर पाठवायच्या आदल्या रात्री हा विषय निघाला की सगळ्यांचीच पंचाईत होते.

निवड झाली तरी लगेच डेटाला हात लावायचा नाही. आधी संशोधन-नैतिकतेचं प्रशिक्षण पूर्ण करा आणि नैतिकता समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात तुमचं नाव घातलं गेलंय याची खात्री करा. ही औपचारिकता उगाच आलेली नाही. अमेरिकेतल्या टस्कीगी प्रयोगात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून उपचारांपासून दूर ठेवलं गेलं. तो उघडकीस आल्यावर १९७९ मध्ये बेल्मॉन्ट अहवाल आला, आणि व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वं आजही प्रशिक्षणात शिकवली जातात. मंजुरीला काही आठवडे, कधी महिने लागतात, तेव्हा तेवढ्या काळात वाचनाचा तक्ता पुरा करा.

संमतीत गोची बहुतेक वेळा कागदाबाहेर होते. सही करणं म्हणजे कशात तरी अडकणं, असा अनुभव असलेल्या माणसापुढे चार पानांचं संमतिपत्र ठेवलं की तो एक तर घाबरतो किंवा न वाचता सही करतो. अशा ठिकाणी समितीकडून तोंडी, रेकॉर्ड केलेल्या संमतीची परवानगी घेऊन ठेवतात. ज्या संस्थेमार्फत ओळख झाली तिचा कार्यकर्ता शेजारी बसला असेल, तर समोरचा ‘नाही’ म्हणेल का? त्या कार्यकर्त्याला सौजन्याने बाहेर थांबायला सांगावं लागतं. मुलाखत अर्ध्यावर सोडली तरी मानधन मिळेल, हे सुरुवातीलाच सांगा.

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. मागे गलका असेल किंवा तिघं-चौघं बोलत असतील तर आणखी. म्हणून ते एखाद्या फुकट ऑनलाइन साधनात टाकायचा मोह होतो. तो टाळा. आवाज तिसऱ्या कंपनीकडे जाणार, याला बोलणाऱ्याने संमती दिलेली नसते. शिवाय २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या, बोलणं ऐकून मजकुरात उतरवणाऱ्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा शब्दचुकांचं सरासरी प्रमाण गोऱ्यांच्या बोलण्यात १९ टक्के आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के निघालं. म्हणजे ज्यांचं बोलणं नीट पोहोचावं म्हणून हा खटाटोप, त्यांचंच यंत्र चुकीचं ऐकतं. बोली ‘शुद्ध’ करू नका. थांबणं, हसणं, वाक्य अर्धवट सोडणं कंसात नोंदवा. अनुवाद करायचा असेल तर मूळ शब्द शेजारी राहू द्या.

नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून वेगळं ओळखता येण्याची शक्यता होती. छोट्या समुदायात तर ‘व्हीलचेअर वापरणारी शिक्षिका’ एवढं पुरतं. वय गटात लिहा, हुद्दा सैल करा, आणि कोणत्या नावाला कोणता क्रमांक दिला ती यादी उताऱ्यांपासून वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा.

कोडिंगमध्ये नवखे प्रश्नावलीतलीच शीर्षकं लेबल म्हणून लावतात: ‘गोपनीयता’, ‘विश्वास’. समजा एक बाई म्हणाली, फोन घरातल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून मेसेज वाचला की लगेच पुसते. याला ‘गोपनीयता’ म्हटलं की तिची युक्तीच गायब झाली. ‘वाचून पुसणं’ असं तिच्याच कृतीवरून लेबल लावा, मोठे गट नंतर बांधा. सुरुवातीला दोघांनी त्याच दोन-तीन मुलाखती वेगवेगळ्या कोड करून समोरासमोर बसावं. जिथे मतभेद होतात तिथेच सहसा काहीतरी हाती लागतं, म्हणून ते घाईने मिटवू नका. प्रत्येक लेबलाची व्याख्या, ते कधी लावायचं, कधी नाही आणि एक नमुना, एवढं कोडबुकात हवंच.

ॲप तपासायचं असेल तर विंडोजवर एनव्हीडीए, अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर सुरू करा, पडदा झाका आणि एक काम शेवटपर्यंत करून बघा. नाव न दिलेली बटणं नुसतं ‘बटण, बटण’ ऐकवत राहतात. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीनुसार किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पण ही तपासणी म्हणजे दृष्टिहीन वापरकर्त्याचा अनुभव नव्हे. तुम्ही पडदा केव्हाही उघडू शकता.

लॅब सोडताना दोन आठवडे हाताशी ठेवा. फोल्डरची माहिती, कोडबुक आणि अर्धवट कामांची यादी पुढच्याकडे द्या. निष्कर्ष लोकांच्या भाषेत पोहोचवायचं ठरलं असेल, तर ते कोण आणि कधी करणार हे नावानिशी लिहून घ्या. मग स्वतःचा फोन उघडून रेकॉर्डिंग, डाउनलोड, व्हॉट्सॲप आणि क्लाउड बॅकअप एकेक करून तपासा. एखादी प्रत हमखास तिथे राहिलेली असते.